फ्रिजमधला हिवाळा

अंडी, बिटाच्या लोणच्याची बरणी,
त्यांच्यामागे एक मातीची कुंडी, कोरडी, उघडीबोडकी,
आणि तिला चिकटवलेली चिठ्ठी:
‘मेलेलं नाही. हात लावू नये.’

पहिल्या दिवशी मला वाटलं,
म्हाताऱ्याने हे स्वतःबद्दलच लिहिलंय.

इलोइलोहून विनिपेगला येऊन
तेव्हा मला चारच महिने झाले होते.
बाहेर उणे एकतीस, फ्रिजमध्ये अधिक चार.
थंडीही कुणाला हवी असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओरेस्टने सांगितलं, दलिया थंड होऊ देत:
माळावरचा क्रोकस आहे हा.
भावाच्या कुरणात, रुळांशेजारच्या उतारावर,
जिथे नांगर कधी फिरला नाही,
तिथून मूठभर बी आणलं.
बियांना पिसांचं शेपूट असतं.
ओल लागली की शेपूट पिळवटतं
आणि बी स्वतःच स्वतःला जमिनीत पेरतं.
‘माझं काम काय, तर मध्ये न येणं.’

पण सातव्या मजल्यावर मध्ये यावंच लागतं.
इथल्या हीटरचं बटण कुणा तिसऱ्याच्याच हाती.
खिडकीत ठेवलेलं पहिलं रोप
जानेवारीतच वसंत समजून फसलं.
बाल्कनीतलं दुसरं कुंडीसकट तडकलं.
म्हणून तिसऱ्याला फ्रिज.
महिन्यातून एकदा दोन चमचे पाणी,
आणि बर्फ वितळेपर्यंत अंधार.

सात जानेवारीला, त्यांच्या नाताळाला,
कॅल्गरीहून लेस्या आली.
लोणी काढायला गेली आणि तशीच उभी राहिली.
‘पप्पा, फ्रिजमध्ये माती?’
मग स्वयंपाकघरात कुजबुज, फोन,
मला बाजूला घेऊन विचारलेले प्रश्न.
मी म्हणाले, त्याला थंडी लागते.
ती म्हणाली, कुणाला?

डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं.
ओरेस्टने वर्तुळ छान काढलं,
बारा आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले,
आणि उरलेल्या अर्ध्या रिकाम्या घड्याळाकडे
बराच वेळ पाहत राहिला.

कुंडीबद्दल तो बरोबर होता.
घड्याळाबद्दल नव्हता.
दोन्ही एकाच डोक्यात, एकाच आठवड्यात.
फॉर्मवर मात्र एकच चौकोन होता.

फेब्रुवारीत त्याला केअर होममध्ये नेलं.
लेस्याने भांडी वाटली, पडदे वाटले.
कुंडी मी कोटाखाली लपवून बसमधून घरी आणली,
माझ्या फ्रिजमध्ये चिंचेच्या गोळ्याशेजारी ठेवली.
चिठ्ठी काढली नाही.
माझी रूममेट जॉसलिन दुधासाठी दार उघडताना
अजून आवाज न करता उघडते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
कुंडीत काहीतरी राखाडी दिसलं. बुरशी, वाटलं.
चष्मा लावून पाहिलं:
लव. दाट, रुपेरी लव,
लोकरीत गुंडाळलेलं तान्हं असावं तशी कळी.
स्वतःचा कोट स्वतःच विणून आली होती.

रविवारी मी ती घेऊन गेले.
दारातली बाई म्हणाली, माती चालणार नाही, संसर्ग.
मी म्हणाले, एकच फूल आहे.
ती म्हणाली, प्लास्टिकचं चालेल.

मग इमारतीला वळसा घालून,
घोटाभर चिखल-बर्फातून,
त्याच्या खिडकीखाली उभी राहिले.
दुसरा मजला. कुंडी डोक्यावर धरलेली.
वारा असा, की बोटं माझी उरली नाहीत.
फूल मात्र तेवढ्यात उघडलं,
फिकट जांभळं, मध्ये पिवळाधम्मक पराग,
आणि ढगाआडच्या उन्हाकडे वळलं.

ओरेस्ट काचेशी आला.
माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही.
माझ्या डोक्यावर पाहिलं.
खिडकी चार बोटंच उघडते तिथली.
त्या चार बोटांतून तो ओरडला,
पूर्वी दलिया करपल्यावर ओरडायचा, अगदी तसा:

‘आत नेऊ नकोस त्याला!’